एका शीटमध्ये मावणारा खेळ

सिॲटलच्या जेम्स अर्नेस्टने १९९६मध्ये बोर्ड गेमच्या धंद्याला एक अडचणीचा प्रश्न विचारला. दुकानातून आणलेल्या खोक्यात फासे असतात, सोंगट्या असतात, खोट्या नोटा असतात आणि हे सगळं नीट बसावं म्हणून प्लॅस्टिकचा एक साचा असतो. ज्या घरात असे तीन-चार खेळ आहेत, तिथे यातल्या बहुतेक वस्तू आधीच पडून असतात. मग प्रत्येक नव्या खेळासोबत गिऱ्हाइकाने त्यांचे पैसे पुन्हा का मोजायचे? खेळात नवं काय असतं, तर नियम, पत्ते आणि फार तर पट. अर्नेस्टने तेवढंच छापलं, कागदी पाकिटात घातलं आणि काही डॉलरना विकायला काढलं. फासे आणि सोंगट्या घरच्या वापरा, असं सरळ सांगून टाकलं. कंपनीचं नाव ठेवलं 'चीपॲस गेम्स', म्हणजे कंजुषीचीच जाहिरात. त्याच वर्षीचा 'किल डॉक्टर लकी' हा त्याचा सर्वांत गाजलेला खेळ. रहस्यकथेवरच्या नेहमीच्या खेळात खून होऊन गेलेला असतो आणि खुनी शोधायचा असतो. इथे सगळे खेळाडू एका म्हाताऱ्याला मारायला टपलेले असतात, पण कुणीही बघत नसताना. खेळाचा पट छापलेला, पत्ते साधे, खोकं नाहीच. तरी लोकांनी तो घेतला, खेळला आणि पुढे त्याच्या महागड्या, रंगीत आवृत्त्याही निघाल्या.

अर्नेस्टच्या युक्तीला काटकसर म्हणतात, आणि ती काटकसर होतीच. पण त्यानंतर खिशात मावणाऱ्या खेळांचं जे पीक आलं, ते नुसत्या काटकसरीने समजत नाही. जपानमध्ये, अमेरिकेत, युरोपात आज एकट्यादुकट्याने रचलेले, स्वतःच छापलेले आणि स्वतःच विकलेले असंख्य छोटे खेळ आहेत. पंधरा-वीस पत्ते, क्वचित चार-दोन लाकडी ठोकळे, दहा ते तीस मिनिटांचा डाव, आणि सगळं मिळून शर्टाच्या खिशात जाईल एवढं. माझं म्हणणं असं की, मोठा खेळ घेऊन तो कापत कापत लहान केला, अशी यांची जन्मकथा नसते. छापखान्यातल्या शीटचा आकार, पाकिटाचं वजन आणि एका प्रतीमागचा खर्च या गोष्टी या खेळांच्या रचनेत नियमांइतक्याच खोलवर गेलेल्या असतात. नियम आणि खर्च दोन्ही एकाच माणसाच्या हातात असले तर हे घडणं सोपं जातं. स्वतः छापणाऱ्याला हा प्रकार मानवतो तो यामुळे. प्रकाशक मिळाला नाही म्हणून नाइलाजाने छापलं, एवढ्यापुरती ती गोष्ट नाही.

आधी शीटचं बघू. पत्त्याचं रूढ माप ६३ बाय ८८ मिलिमीटर. मोठ्या कारखान्यांत पत्ते छापण्याची एक रूढ मांडणी एका शीटवर ५४ पत्त्यांची असते. म्हणजे आपला नेहमीचा बावन्न पानांचा कॅट आणि दोन जोकर. त्या शीटचे तीन समान भाग केले की १८ पत्ते येतात, आणि एका शीटच्या खर्चात खेळाच्या तीन प्रती निघतात. न्यू जर्सीतल्या जेसन टॅगमायरच्या 'बटन शाय गेम्स' या छोट्या प्रकाशनाने याच आकड्यावर आपलं घर बांधलं: १८ पत्ते, पैशाच्या पाकिटासारखं एक चपटं व्हिनाइलचं पाकीट, नियमांची घडी, बस. आपल्याकडच्या कुठल्याही शहरातल्या डिजिटल छपाईच्या दुकानात हा हिशेब करून पाहता येतो. तिथे सर्रास चालते ती बारा बाय अठरा इंची शीट. प्रत्येक पत्त्याच्या चारही बाजूंना कापण्यासाठी तीन मिलिमीटर रंग जादा सोडला, तर त्या शीटवर पत्ते एका दिशेने मांडून सोळा बसतात, दुसऱ्या दिशेने अठरा. म्हणजे एक खेळ, एक शीट. एकोणिसावा पत्ता घ्यायचा तर दुसरी शीट लागते आणि तिचा बराचसा भाग रद्दीत जातो. तीनशे जीएसएमच्या आर्ट कार्डावर छापलेले हे अठरा पत्ते तीस ग्रॅमच्या आसपास भरतात, त्यामुळे ते साध्या लिफाफ्यातून पाठवता येतात. खेळ रचणाऱ्याला एकोणिसाव्या पत्त्याचा मोह झाला, तर त्याला विरोध करायला कागद स्वतः उभा राहतो. हा विरोध रचनेला काय देतो, ते एका उदाहरणात नीट दिसतं.

'स्प्रॉलोपोलिस' हा बटन शायचा २०१८चा खेळ. स्टीव्हन अरामिनी, डॅनी डिव्हाइन आणि पॉल क्लुका या तिघांनी तो रचला. अठराच पत्ते, आणि एक ते चार जणांनी मिळून त्यांतून शहर उभं करायचं. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूवर शहराचे चार तुकडे असतात, वस्ती, बाजार, कारखाने आणि बाग, आणि त्यांतून जाणारे रस्ते. दुसऱ्या बाजूवर गुण मिळवण्याची एक अट असते. डाव सुरू करताना तीन पत्ते अटीच्या बाजूने मांडायचे. त्यांच्यावरच्या आकड्यांची बेरीज म्हणजे त्या डावात गाठायचं लक्ष्य. उरलेले पंधरा पत्ते एकमेकांना जोडत, एकमेकांवर चढवत शहर वाढवायचं. शहरातल्या प्रत्येक वेगळ्या रस्त्यामागे एक गुण वजा. अठरांतून तीन पत्ते निवडण्याच्या ८१६ तऱ्हा होतात, म्हणजे अटींचे ८१६ वेगवेगळे डाव. एखाद्या डावात एकमेकींच्या उलट ओढणाऱ्या दोन अटी शेजारीशेजारी येऊन बसतात आणि डोकं खाजवायला लावतात. खर्चाची चिंता नसती, तर अटींचा वेगळा गठ्ठा, लक्ष्य नोंदवायला पट्टी, गुण मोजायला ठोकळे असा विचार कुणाच्याही मनात आधी आला असता. इथे जागाच नाही, म्हणून एकाच पत्त्याला दोन कामं दिली. आणि त्या दोन कामांतून ताण तयार झाला: एखादा पत्ता अट म्हणून वर आला की, शहराचा तेवढा तुकडा त्या डावातून गेला. अडचणीवर शोधलेला उपाय इथे खेळाचा गाभा होऊन बसला आहे.

दुसरं उदाहरण जपानचं. टोकियोत २०००पासून 'गेम मार्केट' नावाचा मेळा भरतो. जपानमध्ये हौशी लोकांनी स्वतः कॉमिक्स छापून मेळ्यात विकण्याची रीत जुनी, १९७५पासूनची. खेळ रचणाऱ्यांनी तीच उचलली. भाड्याने एक टेबल घ्यायचं, छापून आणलेल्या प्रती मांडायच्या आणि संध्याकाळपर्यंत विकायच्या. प्रती लोकल रेल्वेने न्यायच्या, राहत्या घरात ठेवायच्या, आणि टोकियोतली घरं कशी असतात ते सांगायला नको. अशा जागी छोटं खोकं ही आवडीची बाब उरत नाही, ती गरज होते. २०१२मध्ये सेइजी कानाइ या डिझायनरने 'लव्ह लेटर' काढला तो स्वतःच्याच 'कानाइ फॅक्टरी'च्या नावाने. पत्ते सोळा. राजकन्येपर्यंत आपलं पत्र पोचवायचं, एवढीच कथा. प्रत्येकाच्या हातात एकच पत्ता. पाळी आली की एक उचलायचा आणि दोनांतला एक खेळायचा. सोळांतले पाच पत्ते पहारेकऱ्याचे, आणि पहारेकरी खेळणाऱ्याने समोरच्याच्या हातात काय आहे ते ओळखलं की समोरचा बाद. फेरीच्या सुरुवातीला एक पत्ता न बघता बाजूला काढून ठेवतात. त्यामुळे गेलेले पत्ते कितीही मोजले तरी खात्री होत नाही, शंका उरतेच. हा खेळ त्याच वर्षी अमेरिकेत 'एईजी' या कंपनीने लाल मखमली थैलीत घालून विकला, आणि मूठभर पत्त्यांच्या खेळांची तिथे लाट आली.

त्या लाटेच्या मागच्या बाजूला धंद्याचं एक गणित आहे. खेळाच्या व्यापारात एक ठोकताळा सांगतात की, छापील किंमत ही बनवण्याच्या खर्चाच्या पाचपट तरी हवी. तरच घाऊक व्यापारी, दुकानदार, वाहतूक आणि प्रकाशक यांचे वाटे निघतात. कंपनीला प्रत्येक नव्या खेळामागे चित्रकार, चाचणी, जाहिरात, गोदाम असा ठरलेला खर्च असतो, आणि तो सोळा पत्त्यांच्या खेळालाही जवळपास तेवढाच पडतो. प्रत्येक प्रतीतून सुटणारे पैसे मात्र किरकोळ. शिवाय दुकानाच्या फडताळावर छोटी वस्तू दिसत नाही आणि चोरीला लवकर जाते. म्हणून कंपन्या खोकं फुगवतात, आत हवा भरतात. किंवा खेळच वाढवतात. 'लव्ह लेटर'ची २०१९ची आवृत्ती २१ पत्त्यांची आहे आणि ती सहा जणांना खेळता येते. ती वाईट आहे असं नाही, पण तिच्यामागची कारणं वेगळी आहेत. याला अपवादही आहेत. टोकियोच्या 'ओइंक गेम्स'ने २०१०पासून एकाच ठेवणीच्या चिमुकल्या खोक्यांवर सगळा डोलारा उभा केला. त्यांचा 'डीप सी ॲडव्हेंचर' घ्या: सगळे पाणबुडे एकाच टाकीतल्या हवेवर जगतात आणि जो जास्त खजिना उचलतो तो सगळ्यांची हवा संपवतो. पण ओइंकही सुरू झाली ती डिझायनरची कंपनी म्हणून. जून सासाकी रचतात, सजवतात आणि कंपनीही तेच चालवतात. म्हणजे इथेही नियम आणि खर्च एकाच घरात आहेत.

यावर मराठी वाचकाचा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे: आपल्याकडे बावन्न पानांचा कॅट आहे की. वीस-पंचवीस रुपयांपासून मिळतो, खिशात मावतो, आणि त्यावर बदाम सात, मेंढीकोट, लाडीस, झब्बू, पाच-तीन-दोन, गुलाम चोर असे हवे तेवढे खेळ चालतात. मग अठरा पत्त्यांना जास्त पैसे कोण देणार? आक्षेप वजनदार आहे, आणि खरं तर तो माझ्याच बाजूचा आहे. पत्त्यांचा कॅट हा जगातला सर्वांत यशस्वी खिशातला खेळ. थोडक्या वस्तूंतून पुष्कळ खेळ निघतो याचा त्याहून मोठा पुरावा नाही. पण त्यात नियम कुठे राहतात ते बघा. ते माणसांच्या डोक्यात राहतात. मेंढीकोट शिकायचा तर शिकवणारा लागतो, हुकूम कसा ठरतो यावर प्रत्येक घराची रीत वेगळी, आणि नवखा पाहुणा पहिले दोन डाव हरण्यासाठीच बसलेला असतो. 'लव्ह लेटर'सारख्या खेळात नियम पत्त्यावरच छापलेला असतो. हातात पत्ता आला की, त्याने काय करायचं ते तोच सांगतो. त्यामुळे अनोळखी चार जण पाच मिनिटांत खेळायला लागतात. बदल्यात काहीतरी गमावलंही जातं. कॅट कुठल्याही भाषेत चालतो, लिहिलेला पत्ता एकाच भाषेत. कॅट पन्नास वर्षं कंटाळवाणा होत नाही. सोळा पत्त्यांचा खेळ महिनाभराने पुरे वाटू शकतो. पण महिनाभर आनंद देणाऱ्या वस्तूला एका सिनेमाच्या तिकिटाएवढी किंमत पडत असेल, तर गिऱ्हाइकाला फसवलं असं मला वाटत नाही.

मोबाइलवर सगळं फुकट मिळतं, हा दुसरा आक्षेप लवकर निकालात काढता येतो. फुकट मिळणारा खेळ जाहिराती दाखवून किंवा आतल्या वस्तू विकून पैसे काढतो, म्हणून त्याला खेळणाऱ्याला शक्य तितका वेळ धरून ठेवायचं असतं. पंधरा मिनिटांत संपणाऱ्या छापील खेळाला अशी काही गरज नाही. विक्री झाली की त्याचा व्यवहार संपला. आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचा पत्ता ओळखणं हे पडद्यावर जमत नाही. एवढं पुरे.

नक्कल हा त्याहून गंभीर प्रश्न आहे. अठरा पत्त्यांचा खेळ कुणीही एका दुपारी उतरवून काढू शकतो. कायदा इथे फार मदतीला येत नाही. नियमांचं लिखाण, चित्रं, मांडणी यांवर लेखकाचा हक्क असतो. खेळण्याच्या पद्धतीवर कॉपीराइट नसतो. भारतात हे स्पष्ट झालं ते दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००८च्या निकालात. कोलकात्याच्या आगरवाला बंधूंनी 'स्क्रॅब्युलस' नावाचा ऑनलाइन शब्दखेळ काढला, तो फेसबुकवर तुफान चालला आणि स्क्रॅबलच्या मालकीहक्कासाठी मॅटेल कंपनी न्यायालयात गेली. न्यायालयाने पटावरचा कॉपीराइटचा दावा मानला नाही, पण 'स्क्रॅब्युलस' हे नाव वापरायला मनाई केली. नाव आणि नक्षी राखता येते, युक्ती राखता येत नाही. पेटंटचा मार्ग असतो, पण त्याचं काय होतं ते एलिझाबेथ मॅगीने पाहिलं. जमीनदारीवर टीका करणारा 'द लँडलॉर्ड्स गेम' तिने रचला, १९०४मध्ये आणि पुन्हा १९२४मध्ये पेटंट घेतलं. त्यातूनच हळूहळू तयार झालेला 'मोनोपॉली' चार्ल्स डॅरोने स्वतः छापून विकला आणि १९३५मध्ये पार्कर ब्रदर्सना दिला. कंपनीने मॅगीचं पेटंट ५०० डॉलरना विकत घेतलं. (आपला 'व्यापार' त्याच वंशातला.) म्हणजे नकलेपासून संरक्षण मोठ्यांनाही नसतं. छोट्याचं संरक्षण त्याच्या छोटेपणातच असतं: चारशे प्रती खपणारा खेळ चोरून कुणाचंही पोट भरत नाही. चीपॲसने आपले जुने खेळ पुढे फुकट उतरवून घ्यायला ठेवले, आणि पत्ते घरी छापून-कापून खेळायची सोय अनेक छोटे डिझायनर स्वतःच देतात. घरी कात्री चालवून अठरा पत्ते कापल्यावर दुसऱ्या वेळी माणूस छापलेला संच विकत घेतो, असा त्यामागचा हिशेब. तो नेहमी बरोबर येत नाही, पण तो फार चुकतही नाही.

सगळ्यांत जड आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो पूर्ण परतवता येईल असं मला वाटत नाही. प्रकाशक म्हणजे फक्त पैसे लावणारा माणूस नव्हे. तो नको म्हणणाराही असतो. संपादकाशिवाय छापलेल्या पुस्तकांची अवस्था आपण पाहतो. स्वतः छापलेल्या खेळांतही नियमपत्रिका दुर्बोध असते, पहिला खेळाडूच नेहमी जिंकतो, एखादा पत्ता इतका जबर असतो की तो मिळाला तिथे डाव संपला. रचणाऱ्याला हे दिसत नाही, कारण नियमपत्रिकेत जे राहून गेलं ते त्याच्या डोक्यात भरलेलं असतं. यावर एकच इलाज सांगितला जातो: पत्ते आणि नियमांचा कागद अनोळखी माणसांच्या हाती द्यायचा, शेजारी बसायचं आणि काहीही झालं तरी बोलायचं नाही. ते चुकीचं खेळले, तर चूक कागदाची. इथे लहान खेळाचा एक मोठा फायदा आहे. दोन तासांच्या खेळाची एका संध्याकाळी एकच चाचणी होते. पंधरा मिनिटांच्या खेळाच्या तीन तासांत बारा होतात. पत्ता बिघडला तर तेवढाच कागद खोडून पुन्हा लिहायचा, कारण पहिला मसुदा जुन्या पत्त्यांवर चिकटवलेल्या कागदाचाच असतो. एवढ्या चाचण्या घेतल्या, तर संपादकाची उणीव बरीच भरून निघते. घेतल्या नाहीत, आणि अनेक जण घेत नाहीत, तर लहान खेळ हा लहान वाईट खेळ होतो. मेळ्यातल्या टेबलांवर असे खेळ भरपूर असतात. स्वप्रकाशनाची बाजू घेणाऱ्यांनी हे झाकू नये.

पैशाचं काय? समजा अडीचशे रुपयांच्या खेळाला छपाई, कापणी, लॅमिनेशन, पाकीट धरून शंभर रुपये पडले. थेट विकला तर प्रतीमागे दीडशे सुटले. दुकानाला चाळीस टक्के दिले, तर पन्नास. शंभर प्रतींवर हे पंधरा हजार किंवा पाच हजार, आणि त्यातून चित्रकाराचं मानधन द्यायचं. पाचपटीचा ठोकताळा लावला तर किंमत पाचशे ठेवावी लागेल, आणि अठरा पत्त्यांना पाचशे रुपये कुणी देणार नाही. म्हणजे दुकानांची साखळी या खेळाला बहुतेक बंदच आहे. विक्री स्वतःच, तोंडओळखीने, मेळ्यात नाहीतर टपालाने. हा उपजीविकेचा मार्ग नाही, आणि तसा तो आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ज्यांचं यावर चालतं, त्यांच्याकडे एक खेळ नसतो, डझनावारी असतात. पण तोटा किती होऊ शकतो, हेही त्याच हिशेबात दिसतं. मोठा खेळ परदेशात हजारो प्रतींत छापून जहाजाने आणायचा म्हणजे भाडं वाढलं, कर वाढला की माणूस बुडाला. २०२१मध्ये जहाजाचे दर भडकले तेव्हा लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन मोठे खेळ काढणारे अनेक जण अडकले. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेने चिनी मालावर भरमसाट आयातशुल्क लावलं तेव्हा 'ग्रेटर दॅन गेम्स' या कंपनीने कामकाज आवरतं घेतलं. योगायोग असा की, अर्नेस्टची चीपॲस याच कंपनीने २०१९मध्ये विकत घेतली होती. बटन शायसारखं प्रकाशन, जे आपले पत्ते देशातच छापून घेतं, त्या वादळात बरंच सावरून राहिलं.

महाराष्ट्रात हे करायचं तर साधनं जवळच आहेत. लग्नपत्रिका छापणारा माणूस आर्ट कार्ड, लॅमिनेशन, डाय, कोपरे गोल करणं हे सगळं रोज करतो. पत्ते त्याच्यासाठी वेगळं काम नाही. ऑफसेटवर प्लेटचा खर्च आधी येतो, म्हणून तिथे हजार प्रतींशिवाय परवडत नाही; डिजिटलवर प्लेट नाही, त्यामुळे पन्नास-शंभर प्रतीही निघतात. एक कायदा मात्र आधी वाचून घ्यावा. १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं आहे, आणि ती चाचणी शंभर प्रती काढणाऱ्याच्या आवाक्यातली नाही. त्यामुळे छोटे डिझायनर खेळ मोठ्यांसाठी रचतात आणि तसं खोक्यावर लिहितात. नुसतं लिहून मात्र भागत नाही, खेळ तसा असावाही लागतो. सावंतवाडीच्या गंजिफाचा वारसा सांगून या खेळांना खानदानी ठरवण्याचा मोहही टाळलेला बरा. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते एकेक करून हाताने रंगवावे लागत, आणि छापील कॅटच्या किमतीपुढे ते टिकणं शक्यच नव्हतं. गंजिफाचा धडा एवढाच की, पत्त्यांचा खेळ कसा असेल हे तो बनवण्याच्या खर्चावर तेव्हाही ठरत होतं.

खरी उणीव मजकुराची आहे. पत्त्यावर नियम छापायचा तर तो दोन ओळींत, संदिग्ध न राहता, मराठीत लिहावा लागतो. 'समोरच्याचा पत्ता बघा' म्हणजे एकाचा की सगळ्यांचा, बघून त्याला परत द्यायचा की आपल्याकडे ठेवायचा, हे सगळं बारा शब्दांत. इंग्रजीत खेळांची अशी भाषा गेल्या तीस वर्षांत घासून तयार झाली; उचला, टाका, उघडा, झाका, बाद या मराठी क्रियापदांना अजून ठरलेले अर्थ मिळालेले नाहीत, आणि ते कुठल्याही समितीकडून मिळणार नाहीत. पन्नास-शंभर प्रती काढणाऱ्या दहा-वीस जणांनी आपापले खेळ छापले, लोकांनी चुकीचे खेळले आणि पुढच्या आवृत्तीत वाक्यं बदलली, तर मिळतील. अशा एका प्रयत्नाच्या शंभर प्रतींचे पत्ते मिळून तीन किलोच्या आसपास भरतात. त्यातल्या साठ पडून राहिल्या तरी घरात जागेची अडचण होत नाही, आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी छापखान्याला फक्त एक फाइल बदलून द्यावी लागते.